सुधाताईंचा ‘या’

सुधाताई निमकरांनी आयुष्यात कुणाला तोंडदेखलं ‘हो’ म्हटलं नव्हतं. लग्नाआधी बघायला आलेल्या मंडळींनी "गाता येतं का?" असं विचारलं, तेव्हा त्यांनी सरळ "नाही" म्हणून सांगितलं होतं. आईनं स्वयंपाकघराच्या दारातून डोळे वटारले, मामांनी खाकरून पाहिलं, पण नाही ते नाहीच. त्या एका ‘नाही’वर आपण भाळलो असं भास्करराव पुढे चारचौघांत सांगत. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक. पण स्टुटगार्टात उभा संसार केल्यावर, नातवंडं खेळवायच्या वयात, नेमक्या याच बाईवर एका विमा कंपनीनं ‘हो’ म्हटल्याचा आळ घ्यावा, म्हणजे कमालच झाली.

त्याचं असं झालं. दोन हजार आठ सालचा जानेवारी. शनिवारची दुपार आणि सुधाताईंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. बाहेर अर्धवट वितळलेल्या बर्फाचा राडा. त्या आठवड्यात जिना पुसायची पाळी खालच्या मजल्यावरच्या बाईंची होती, आणि स्टुटगार्टात ही पाळी म्हणजे देवाच्या पूजेसारखी सोवळ्यात करायची गोष्ट. त्या पुसलेल्या जिन्यात बायकांच्या बुटांचा हा ढीग पडलेला. आत तिळाच्या वड्यांची ताटं, बाहेर बेल, आणि त्यात फोन वाजला.

फोनवर एक तरुण मुलगा होता. आवाज कसा, तर तुपात घोळलेला. ज्येष्ठ नागरिकांसाठी इस्पितळाचा खास जादा विमा आहे म्हणाला. सुधाताई म्हणाल्या, "माझा आहे. अमुक कंपनीचा आहे, जुना आहे, आणि मला नवा नकोय. शिवाय माझ्याकडे पाहुणे आलेत." एवढं स्पष्ट सांगितल्यावर शहाण्या माणसानं फोन ठेवला असता. पण हा म्हणाला, "फक्त एकच मिनिट, मॅडम. आपलं संभाषण नोंदवून घेतो आणि एक-दोन गोष्टी विचारतो." तेवढ्यात पुन्हा बेल वाजली. दारात प्रभावहिनी आणि त्यांच्यामागे त्सुफेनहाउझेन भागातल्या बायकांची अख्खी फलटण.

आता दारात पाहुणे उभे असताना मराठी बाई फोनवर काय बोलणार? सुधाताईंनी फोन मान आणि खांद्याच्या मध्ये धरला, हातात अत्तरदाणी घेतली आणि आपल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "या, या! बसा, बसा! अहो वहिनी, बूट राहू देत तिथंच. या ना, या!" मग फोन कानाला लावला, तर मुलगा आभारांवर आभार मानत होता. केवढा गोड मुलगा, नकारसुद्धा किती छान घेतला, असं त्यांना वाटलं. त्यांनी फोन ठेवला आणि प्रभावहिनींच्या हातावर अत्तर लावलं.

जर्मनमध्ये ‘या’ म्हणजे हो. हे सुधाताईंना माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? पण माणूस दारात आला की तोंडातून जो ‘या’ निघतो तो आजीकडून आलेला असतो, त्याला जर्मन शिकवायचं कुणाच्या मनात येतं!

दोनच दिवसांनी लांबच्या गार्चिंग गावाहून जावयाचा फोन आला. निशिगंधा, त्यांची मुलगी, बाळंतपणासाठी इस्पितळात. दिवस अजून भरले नव्हते, पण बाळाला घाई. सुधाताई आणि भास्करराव होते तसे गाडीत बसले आणि मार्चपर्यंत तिकडेच राहिले. परत आले तेव्हा टपालपेटी तुडुंब भरली होती. त्यात दोन पाकिटं होती. एकात नव्या कंपनीनं सुधाताईंचं स्वागत केलं होतं, तुमचा फोनवरचा होकार नोंदवलेला आहे म्हणून. दुसऱ्यात जुन्या कंपनीनं लिहिलं होतं की, तुमच्या वतीनं रद्द करण्याची सूचना मिळाली, इतक्या वर्षांचा संबंध तुटतोय याचं वाईट वाटतं, वर्षअखेरीस तुमची पॉलिसी बंद होईल.

सुधाताईंनी दुसरं पत्र पुन्हा एकदा वाचलं.

ही पॉलिसी म्हणजे काय होती ते सांगायला हवं. जर्मनीत आजारपणाचा विमा सगळ्यांनाच असतो. पण इस्पितळात दोनच खाटांची शांत खोली हवी, मोठ्या डॉक्टरांनी स्वतः हात लावायला हवा, तर वरून जादा विमा घ्यावा लागतो. सुधाताईंनी तो घेतला तेव्हा त्या फॉयरबाखच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात नुकत्या चिकटल्या होत्या. ब्रेकचे आराखडे काढायच्या. घर भास्कररावांच्या नावावर, गाडी त्यांच्या नावावर, दारावरच्या पाटीवरसुद्धा त्यांचंच नाव आधी. पहिल्या पगारातून सुधाताईंनी स्वतःच्या नावावर घेतलेली ही एकच गोष्ट. "धडधाकट बाईला कशाला हवी इस्पितळाची खोली?" म्हणून भास्कररावांनी तेव्हा खूप चेष्टा केली होती. सुधाताईंनी ऐकून घेतलं आणि हप्ते भरत राहिल्या.

अशा पॉलिसीची खुबी अशी की तरुणपणी भरलेल्या हप्त्यातला काही भाग कंपनी म्हातारपणासाठी बाजूला ठेवते. तसं करायचं बंधनच सरकारनं तिच्यावर घातलंय. पण कंपनी सोडली की ती शिल्लक तिथंच राहते. नवी कंपनी नव्यानं वय विचारणार, दुखणी विचारणार. सुधाताईंचा उजवा गुडघा पार झिजला होता, पुढच्या वर्षी तो बदलायचा हे ठरलेलं. आणि नव्या पॉलिसीत छापलेलं होतं, आधीपासूनची दुखणी सोडून बाकी सगळं, म्हणजे गुडघाच बाहेर.

"तू काहीतरी म्हणाली असशील," भास्करराव म्हणाले.

"मी नाही म्हणाले होते."

"अगं, पण त्यांच्याकडे रेकॉर्डिंग आहे म्हणतायत. उगाच कोण लिहील?"

भास्कररावांचं एक होतं. जर्मन कचेऱ्यांशी बोलायचं ते त्यांनीच, असा घरात जणू कायदाच झाला होता. डॉक्टरांनी सुधाताईंना "कुठे दुखतं?" विचारलं तरी "उजव्या बाजूला" हे उत्तर भास्करराव द्यायचे. यात वाईट हेतू काडीचा नव्हता. पण ‘नाही’वर भाळलेल्या माणसानं बायकोच्या वतीनं जन्मभर ‘या, गेनाऊ’, म्हणजे ‘हो, अगदी बरोबर’, म्हणत राहावं, हे जरा गमतीचंच.

मग नव्या कंपनीकडून मागवलेली त्या संभाषणाची टंकलेली प्रत आली. सुधाताईंनी चष्मा लावला आणि वाचू लागल्या. कंपनीचा माणूस विचारतो, तुमची जुनी पॉलिसी आम्ही तुमच्या वतीनं रद्द करू का? त्याखाली ग्राहकाचं उत्तर जर्मनमध्ये लिहिलेलं होतं: ‘या, या! पास्ट, पास्ट!’

पास्ट म्हणजे जमलं, चालेल. स्टुटगार्टात दिवसातून पन्नास वेळा कानावर पडणारा शब्द. सुधाताईंनी ते एकदा मनात वाचलं, एकदा मोठ्यानं वाचलं, आणि तिसऱ्यांदा वाचताना त्यांना हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. "अहो, ‘बसा, बसा’!" त्या म्हणाल्या. "मी प्रभावहिनींना बसा म्हणत होते! त्या गाढवानं बसाचं पास्ट केलं!"

भास्कररावांनी कागद हातात घेतला, वाचला, आणि तेही पोट धरून हसले. संध्याकाळी मुलगा हृषिकेश आला. त्सुफेनहाउझेनला स्पोर्ट्स कारच्या कारखान्यात तो इंजिनियर. तोही हसला, पण त्याचं हसू लवकर आटपलं.

"आई, जोक मस्त आहे. पण आल्झो, म्हणजे, हे त्यांना कोण सांगणार? चौदा दिवसांत रद्द करायचं असतं, ती मुदत तुम्ही गार्चिंगला असताना संपली. मी बोललोय त्यांच्याशी. ते सगळं मागे घ्यायला तयार आहेत, कुलान्त्स म्हणून. फक्त तू एक सही करायचीस."

कुलान्त्स हा शब्द जर्मन कंपन्यांना फार प्रिय. त्याचा अर्थ, आमचं काही देणं लागत नाही, पण जा, मोठ्या मनानं देतो. हृषिकेशनं कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं की ग्राहक महिलेला वाढतं वय आणि भाषेची अडचण यांमुळे संभाषणाचा अर्थ समजला नाही, सबब कंपनी कुलान्त्स म्हणून करार मागे घेत आहे.

सुधाताईंचं हसू मावळलं. त्यांनी तो कागद टेबलावर पालथा ठेवला.

"मी सही करणार नाही."

"आई, एका ओळीसाठी? ती नुसती फॉर्मॅलिटी आहे."

"तुझ्यासाठी. माझ्या डोक्याबद्दल लिहिलंय त्यात. मला सगळं समजलं होतं, आणि मी नाही म्हटलं होतं. आज ही ओळ विम्याच्या कागदावर, उद्या ती बँकेत जाईल, परवा डॉक्टर माझ्याशी न बोलता तुझ्याशी बोलतील. आणि मग तुम्हीही मला काही विचारेनासे व्हाल."

"कोण विचारेनासं होतंय तुला?" भास्करराव म्हणाले.

सुधाताईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. भास्कररावांनी चहाचा कप उचलला, तो रिकामा होता, तरी एक घोट घेतला.

"पण गुडघ्याचं काय, सुधा?" ते जरा वेळानं म्हणाले. या खेपेला आवाजात काळजी होती, ती खरी होती. "तू हट्टाला पेटलीस आणि त्यांनी तेही देऊ केलेलं मागे घेतलं तर? तीन-तीन खाटांच्या खोलीत तुला झोप लागणार नाही. हप्ते एवढे भरलेस ते काय यासाठी?"

सुधाताईंना हे कळत नव्हतं असं नाही. रात्री कूस बदलताना गुडघा त्यांना रोज तेच सांगायचा. आपण हरलो तर जन्मभराची एकुलती एक कमाई जाईल. पण सही केली तरी त्या काहीतरी गमावणारच होत्या, आणि ते परत मिळायला कुठली पुढची पॉलिसी नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या वाचनालयात गेल्या. गुडघा कुरकुरला, त्यांनी त्याला दाद दिली नाही. त्याच वर्षीच्या जानेवारीपासून विम्याचा नवा कायदा लागू झाला होता. विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाची गरज आधी विचारायची, सल्ला द्यायचा, दिलेला सल्ला लिहून ठेवायचा, आणि कराराच्या अटी गिऱ्हाइकानं होकार देण्याआधी त्याच्या हातात द्यायच्या. नंतर नव्हे, आधी. शिवाय विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी कचेरी बॉनला होती, आणि तिच्याकडे कुणालाही तक्रार करता येत होती. सुधाताईंनी घरी येऊन पत्र लिहायला घेतलं. भास्कररावांनी "मी जरा भाषा बघतो" म्हणून हात पुढे केला. सुधाताईंनी पत्र दिलं नाही. पाकीट त्यांनी स्वतः चिकटवलं आणि स्वतःच जाऊन पेटीत टाकलं.

बॉनहून उत्तर आलं. कचेरीनं नम्रपणे कळवलं होतं की आम्ही न्यायालय नव्हे, निवाडा देणार नाही, पण कंपनीकडे खुलासा मागितला आहे. सल्ला लिहून ठेवलाय का? अटी आधी दिल्या होत्या का? बस, एवढंच विचारलं होतं. पण सरकारनं नुसतं ‘का हो?’ म्हटलं तरी भल्याभल्यांना घाम फुटतो. आठवडाभरात कंपनीच्या स्टुटगार्ट शाखेतून बोलावणं आलं, कॉफी घ्यायला या म्हणून.

सुधाताईंनी नारायणपेठ साडी नेसली, वरून जाड कोट घातला. भास्कररावांनी टाय बांधला.

तक्रारी बघणाऱ्या बाईंचं नाव फ्राउ डेटिंगर. अस्सल श्वाबियन, म्हणजे इथल्याच मातीतल्या, गोऱ्यापान, थकलेल्या आणि मनानं बऱ्या. त्यांनी कॉफी दिली, मग यंत्राचं बटण दाबलं. आधी त्या गोड मुलाचा आवाज आला. त्याचा प्रश्न अजून पुरा व्हायचाच होता, तोवर बेल वाजली, दार करकरलं, आणि सुधाताईंचा आवाज खोलीभर घुमला: या, या! बसा, बसा! पाठोपाठ बांगड्यांचा आणि बायकांच्या हसण्याचा गलका.

"तुम्हीच सांगा," फ्राउ डेटिंगर भास्कररावांकडे वळून म्हणाल्या, "हे ऐकून कुणालाही काय वाटेल?"

भास्करराव काही बोलायच्या आत सुधाताई उठल्या. "जरा उभ्या राहता का?" त्यांनी जर्मनमध्ये विचारलं. फ्राउ डेटिंगर गोंधळून उभ्या राहिल्या. "आता दाराबाहेर जा आणि दार वाजवा."

विमा कंपनीतल्या बाईला तिच्याच खोलीबाहेर जायला सांगायचं! भास्कररावांनी कपाळाला हात लावला. पण सुधाताईंच्या आवाजात असं काही होतं की बाई खरंच बाहेर गेल्या आणि त्यांनी दार वाजवलं. सुधाताईंनी ते उघडलं. चेहरा फुललेला, एक हात आतल्या बाजूला वळलेला. "या, या!" त्या म्हणाल्या. फ्राउ डेटिंगर आत आल्या. "बसा, बसा!" हात खुर्चीकडे गेला, आणि फ्राउ डेटिंगर बसल्या.

बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण का बसलो. त्या एकदम हसायला लागल्या, चष्मा काढून डोळे पुसू लागल्या. "म्हणजे हे पास्ट नव्हतंच," त्या म्हणाल्या.

"नव्हतंच. माझ्या घरी पाहुणे आले होते. त्यांना मी बसायला सांगत होते. तुमच्या माणसाला मी त्याआधीच नाही म्हटलं होतं, पण तेव्हा तुमचं यंत्र बंद होतं. आणि मला होकाराआधी एकही कागद मिळालेला नाही. तो मिळायला हवा होता, जानेवारीपासून तसा कायदा आहे."

फ्राउ डेटिंगर गंभीर झाल्या. करार मागे घेऊ म्हणाल्या, जुन्या कंपनीला पाठवलेली सूचनाही मागे घेऊ, त्यांच्याशी फोनवर बोलणं झालंय, ते पॉलिसी पूर्वीसारखी चालू ठेवतील. भास्कररावांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचा कागद हलला. तोच कागद फ्राउ डेटिंगरनी पुढे सरकवला. ‘वाढतं वय’ त्यांनी आपणहून खोडलं होतं. बाकी मजकूर तसाच होता: भाषेच्या अडचणीमुळे, कुलान्त्स म्हणून.

"सुधा, कर सही," भास्करराव मराठीत पुटपुटले. "काम झालंय."

सुधाताईंनी पेन उचललं आणि परत खाली ठेवलं.

"भाषेची अडचण होती खरी," त्या जर्मनमध्ये, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या. "पण माझी नाही. मला जर्मन येतं. तुमच्या माणसाला मराठी येत नव्हतं."

मग फ्राउ डेटिंगरनी जन्मभर सगळ्या कचेऱ्यांनी केलं तेच केलं. सुधाताईंना ओलांडून त्या भास्कररावांकडे वळल्या. "हेर निमकर, हा ठराविक मजकूर आहे. बदलायचा तर मला वरिष्ठांना सांगावं लागेल. तुमचं काय मत? काय लिहू मी?"

भास्कररावांनी तोंड उघडलं. इतक्या वर्षांच्या सवयीनं ‘या, गेनाऊ’ जिभेवर येऊन उभंच होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ताठ बसली होती, कोटाच्या बाहीतून साडीचा काठ दिसत होता, आणि कुणाकडेही बघत नव्हती. मुलगी बघायला गेलो होतो तेव्हाही ही अशीच बसली होती, हे त्यांना आठवलं असेल का? त्यांनी ते कधी सांगितलं नाही. त्यांनी टायची गाठ सैल केली.

"मला काय विचारता?" ते म्हणाले. "विमा तिचा आहे. तिला विचारा. तिला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं."

या माणसाचा सुधाताईंना इतका अभिमान बहुतेक पहिल्यांदाच वाटला, आणि स्वतःचा तर त्याहून वाटला. पण हे सगळं नंतर. आधी काम.

फ्राउ डेटिंगरनी कोरा कागद घेतला आणि खुर्ची वळवून सुधाताईंसमोर बसल्या. सुधाताई सांगू लागल्या आणि त्या लिहू लागल्या. फ्राउ निमकर यांनी कंपनीला होकार दिलेला नाही. त्या आपल्या पाहुण्यांचं स्वागत करत होत्या. होकाराआधी द्यायचे कागद त्यांना दिले गेले नव्हते.

"आणि शेवटी कुलान्त्स लिहू ना?" फ्राउ डेटिंगरनी विचारलं.

"नको. तिथे चूक लिहा."

"कुणाची चूक, फ्राउ निमकर?"

"तुमची," सुधाताई म्हणाल्या.

फ्राउ डेटिंगरनी एकदा दाराकडे पाहिलं, वरिष्ठांची खोली त्या बाजूला असावी. मग मान खाली घातली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, आमची.